औषध म्हणायचं की विष?

आपल्या खान्देशात कपाशीवर मारतात ते 'औषध', केळीला देतात ते 'औषध', आणि कोणी जीव दिला तरी आपण म्हणतो, 'त्याने औषध घेतलं'. ताप उतरवणाऱ्या गोळीला आणि माणूस मारणाऱ्या रसायनाला आपल्याकडे शब्द एकच! माझं गाव धुळे जिल्ह्यात, शिकायला आलो जळगावला. आपल्यापैकी कितीतरी जणांची कॉलेजची फी कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशातून भरली जाते. म्हणून या 'औषधा'बद्दल इथेच बोलावंसं वाटलं.

कीटकनाशकाच्या बाटलीवर शंकरपाळ्यासारखा एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनी ही पद्धत आणली. रंग ठरतो तो 'एलडी ५०' वरून, म्हणजे किती मात्रेत प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात त्यावरून. पोटात गेल्यावर वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मात्रा पुरत असेल तर लाल, ५१ ते ५०० लागत असेल तर पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा.

आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. ही मोजपट्टी मोजते काय? फक्त लगेच येणारं मरण. हळूहळू होणारी इजा, बापाच्या बीजावर किंवा आईच्या पोटातल्या गर्भावर होणारा परिणाम यातलं काहीच त्या रंगात नाही. ॲमीटर लावायचा आणि व्होल्टेज कळलं म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

हे नुसतं तर्कट नाही. केळीचंच उदाहरण घ्या. मुळांवरच्या सूत्रकृमींसाठी 'डीबीसीपी' नावाचं रसायन वापरलं जायचं. त्याने उंदरांची वृषणं आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. तरी कारखाने चालू राहिले. १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कारखान्यातले कामगार आपसात बोलू लागले की आपल्यापैकी कोणालाच मूल कसं होत नाही? तपासणीत शुक्रजंतू फारच कमी, काहींचे तर शून्य! १९७९ मध्ये अमेरिकेने त्याचा वापर जवळजवळ बंद केला, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत तोवर ते पोचलं होतं. तिथल्या हजारो मजुरांना न्यायासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. या माणसांपैकी कोणी फवारताना कोसळलं नव्हतं. म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही.

आपल्या देशात केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या मुलांची तपासणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संपर्कात आलेल्या मुलग्यांचं वयात येणं लांबल्याची चिन्हं दिसली. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये एन्डोसल्फानवर बंदी घातली. तोवर एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

सिव्हिलवाल्यांनी 'हे शेतीवाल्यांचं आहे' म्हणून पान उलटू नये. पायाभरणीत वाळवीसाठी आपण जे क्लोरपायरीफॉस ओततो, त्याच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने काही मुलांचा जन्मापासून अभ्यास केला. ज्यांच्या नाळेच्या रक्तात हे रसायन जास्त होतं, ती सात वर्षांची झाल्यावर त्यांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक कमी भरला, असं २०११ मध्ये जाहीर झालं. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराखाली काही सवलती ठेवून या रसायनाचा बंदीच्या यादीत समावेश झाला. आणि आपल्या साईटवर मजुराची बायको घमेलं उचलते, लेकरू तिथेच मातीत खेळतं.

शेतातही तेच. हातपंप पाठीवर असतो तो पुरुषाच्या, पण ड्रममध्ये पाणी आणून ओतते बाई. फवारणीनंतर निंदायला तीच, कापूस वेचायला तीच, आणि संध्याकाळी नवऱ्याचे औषधाने भिजलेले कपडे घरच्या कपड्यांत धुणारीही तीच. तान्हं मूल बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत. गर्भाचे अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. तोवर कित्येक बायांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. मग 'गरोदर बाईने जपावं' या उपदेशाला अर्थ काय? लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त खातं-पितं, हात सारखा तोंडात घालतं. त्रिकोणाचा रंग त्याला ओळखत नाही.

कोणी म्हणेल, 'शहाणपण शिकवू नको, फवारलं नाही तर बोंडअळी खाईल, मग तुझी फी कोण भरेल?' प्रश्न खरा आहे. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणं मलाही मान्य नाही. २०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा त्यांनीच काळजी घेतली नाही असं म्हणून बरेच जण मोकळे झाले. माझं म्हणणं एवढंच, की गरज नसताना मारू नये. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, रात्रीला आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करायची, ही मर्यादा शास्त्रज्ञांनीच दिली आहे. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, ही मर्यादा कुठल्या पुस्तकात आहे?

मित्रांनो, आपल्या हातात काय आहे? मेकॅनिकलच्या पोरांनी फायनल इयरला फवारा माणसाच्या अंगावर न येणारा स्वस्त पंप करून दाखवावा. सिव्हिलच्या पोरांनी साईटवर वाळवीचं औषध टाकायच्या दिवशी बायका-मुलं बाजूला ठेवायला ठेकेदाराला सांगावं. हॉस्टेलमध्ये ढेकणांसाठी फवारतात, तेव्हा काय फवारलं आणि खोली किती वेळ बंद ठेवायची हे आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लागावं. फवारल्यानंतर खोली झाडायला आपल्या मावशीच येतात, आणि सुटीच्या दिवशी त्यांच्यासोबत त्यांची लेकरंही असतात.

आणि दिवाळीला गावी गेल्यावर घरात एवढं तरी करा: फवारणीचे कपडे वेगळे धुवा, रिकामा डबा ठेचून टाका, त्यात पाणी भरू देऊ नका. आणि त्या बाटलीला औषध म्हणणं बंद करा. निदान आपण तरी, आपल्या घरात तरी, विषाला विष म्हणूया.