देऊळ चालले!

परवा पुतण्या वही घेऊन आला. तोंड कडक भाकरीसारखं. इंग्रजी निबंधात त्यानं लिहिलं होतं, "वॉकिंग अराउंड द लेक, द टेम्पल लुक्ड ब्यूटिफुल." खाली लाल शाईत शेरा: "देऊळ चालत होतं काय?"

आता संक्रांतीला आमच्या सोलापुरात सात नंदीध्वज चालतात हे खरं. पण सिद्धेश्वराचं देऊळ तळं सोडून हिंडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. शेरा बरोबरच. माझं भांडण निराळं आहे.

त्याच वहीत एका वाक्याला पैकीच्या पैकी गुण होते: "हॅविंग गॉट अप, हॅविंग ब्रश्ड हिज टीथ, हॅविंग टेकन टी, ही वेन्ट टू स्कूल." व्याकरणात खोट नाही, पण असं बोलणारा इंग्रज मला अजून भेटायचाय! तो 'उठला, दात घासले, चहा घेतला अँड गेला' म्हणून मोकळा होतो. 'ऊन' दिसला की 'हॅविंग' ठोका, हे मलाही असंच शिकवलं होतं.

उन्हाला सोलापुरात काय तोटा? एक आकाशातलं, दुसरं क्रियापदातलं. मराठीत 'करून', कानडीत 'माडि', तेलुगूत 'चेसि', उर्दूत 'करके'. गावच्या चारही भाषांना ही सवय. इंग्रजीला ती बेताचीच. आणि आपला 'फिरताना' मोठा दिलदार. तळ्याभोवती फिरताना देऊळ छान दिसतं, म्हटलं की फिरणारे आपण, हे देवळालाही कळतं. इंग्रजीतला 'वॉकिंग' मात्र पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधल्या भुताच्या तोंडीसुद्धा असंच वाक्य आहे: बागेत झोपलेला राजा, पण व्याकरणानं झोपतो साप! त्याचे गुण कुणी कापले नाहीत.

एवढा फरक मराठीतून सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती न देता पोराच्या वहीत लाल शाई ओतायची, याला शिकवणं म्हणत नाहीत. चूक पोराची नव्हे. त्याची मराठी वर्गाबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावणाऱ्यांची आहे.

मी सांगितलं, "'वॉकिंग अराउंड द लेक' तसंच ठेव. पुढं 'वुई सॉ द टेम्पल' लिही. म्हणजे चालणारे आपण."

त्याचा चेहरा उजळला. "एवढंच होय काका? मग सरांनी असं का नाही सांगितलं?"

"उद्या विचार की त्यांना."

"इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर एक रुपया दंड आहे."

मी खिशातून रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, "आधी दंड भर, मग विचार."