गृहव्यवस्था : बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी

यवतमाळनजीकच्या लोहाऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. घर नवे, पक्क्या स्लॅबचे. थंडी असल्यामुळे रात्री बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. गेले आठ दिवस त्या खोलीत चमत्कारिक, कोंदट वास येतो. ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी दिली म्हणजे तो नाहीसा होतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. हा वास कायमचा कसा घालवावा, अशी पृच्छा आहे. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, असेही लिहिले आहे की सकाळी उठल्यावर लेकीचे डोके फार दुखते व मळमळते, ते अशक्तपणामुळे असावे.

प्रश्न वासाचा आहे, परंतु पत्रातील महत्त्वाचे वाक्य हे शेवटचे होय. मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबण्याचे हे काम नव्हे. म्हणून त्या भगिनींस त्याच दिवशी कळविले की शेगडी आज रात्रीपासून खोलीबाहेर ठेवा, आणि लेकीस व बाळास विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. तथापि ही रीत पुष्कळ घरांत चालू असल्यामुळे तिचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य वाटते.

शेगडीच्या वासाची कारणे शोधणे अवघड नाही. कोळसा ओला असला किंवा त्यात अर्धवट जळलेले लाकूड राहिले असले, तर डोळ्यांस झोंबणारा धुरकट वास येतो. याच जिल्ह्यात वणीच्या बाजूस खाणी असल्यामुळे काही घरांत दगडी कोळसाही जाळतात. त्यातील गंधकामुळे काडी ओढल्यासारखा उग्र वास सुटतो. पऱ्हाटी आणि तुराट्या भुरकन पेटतात व लवकर विझतात, आणि मग त्या धुमसू लागतात. सर्वांत वाईट वास मात्र आपणच निर्माण करितो. शेगडी किंवा बंब लवकर पेटावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सायकलच्या टायरचे तुकडे आत सारण्याची खोड अजून गेलेली नाही. शेतावरील औषधांचे रिकामे डबे व बाटल्याही कोठे कोठे चुलीत जातात. सन २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी व मजूर दगावले, ते ज्यांस आठवते त्यांस या डब्यांविषयी अधिक सांगावयास नको.

हे सारे वास त्रासदायक खरे, परंतु ते प्रामाणिक आहेत. नाकास झोंबतात, खोकला आणतात, आणि माणूस उठून खिडकी उघडतो. खरा घात करणारा वायू निराळाच आहे. कोळसा पुरेशा हवेवाचून जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, चव नाही आणि वासही नाही. रक्तातील ज्या द्रव्यावर बसून प्राणवायू शरीरभर फिरतो, त्या हिमोग्लोबिनास हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. थोडा थोडा जरी श्वासात गेला, तरी तासांमागून तास तो रक्तात साठत राहतो. प्रथम डोके जड होते, मळमळ सुटते, भोवळ येते. पुढे गुंगी चढते, आणि झोपलेल्या माणसास ती गुंगी आहे हे कळतही नाही. बाळ मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जलद श्वास घेते, म्हणून त्यास बाधा लवकर होते. आणि डोके दुखते हे ते सांगू शकत नाही.

यावर घरातील वडील मंडळी म्हणतील, आम्ही शेगडी धुमसत असताना आत आणीत नाही. अंगणात पेटवितो, निखारे लाल फुलले आणि धूर संपला म्हणजेच आत नेतो. ही खबरदारी चांगली आहे, पण ती धुराची आहे. धूर संपला तरी निखाऱ्यांतून हा वायू निघतच असतो. वर राख धरून ते मंद धुमसू लागले, म्हणजे तर विशेषच. त्यातून धुरी दिली की खोली सुगंधी होते. जो कोंदट वास येत होता तो निदान हवा कोंडल्याची खूण तरी होता. ती खूणही ओव्याच्या वासाखाली झाकली जाते. मग मनुष्य निर्धास्त होऊन दार लावून घेतो. धुरीचा धूर नवजात बालकाच्या फुप्फुसांस सोसत नाही, हे वेगळेच.

मग आमच्या आज्यापणज्यांनी हेच केले, त्यांची बाळंतपणे कशी पार पडली? हा आक्षेप रास्त आहे आणि त्यास उत्तरही आहे. ती घरे कवेलूंची होती. दोन कवेलूंमधून चांदणे दिसे, दाराखालून वारा येई, न्हाणी परसात असे. शेगडीचा वायू छपरातून आपोआप निघून जाई. आता वर सिमेंटचा स्लॅब आला, खिडक्यांस घट्ट सरकत्या काचा आल्या, आणि थंडी व डास यांकरिता त्या रात्रभर बंद राहू लागल्या. रीत तीच राहिली, घर मात्र बदलले. तेव्हा आजीबाईंशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांना स्लॅबकडे बोट दाखवावे, म्हणजे पुरे.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात फिलाडेल्फिया येथे वैद्यकी शिकत असता त्यांना राहावयास मिळालेल्या खोलीतील आगटी बिघडलेली होती, असे त्यांच्या चरित्रात येते. पेटवावी तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर थंडीने हातपाय गारठत. हाल झाले, परंतु धूर दिसत होता म्हणून धोका कळत तरी होता. उलट १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हे धुरांडे तुंबलेल्या खोलीत निजले आणि याच वायूने मरण पावले; त्यांची पत्नी कशीबशी वाचली.

म्हणून नियम असा की माणूस निजते त्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवूच नये. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने भागते असे मानू नये, कारण वारा आपल्या सोयीने वाहत नाही. शेक द्यावयाचाच तर शेगडी पडवीत ठेवून तीवर कापड गरम करावे आणि स्वतःच्या गालास लावून पाहून मगच आत न्यावे. बाळास टोपडे, पायमोजे आणि आईच्या अंगाची ऊब यांसारखी दुसरी शेगडी नाही. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून दोघांस पांघरूण घालावे, मात्र बाळाचे नाकतोंड मोकळे असावे आणि आई त्या वेळी जागी असावी.

डोके दुखण्याची तक्रार एकाच खोलीत निजणाऱ्या दोघातिघांस असेल व बाहेर आल्यावर ती कमी होत असेल, तर पित्त किंवा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. २०२० च्या साथीपासून बोटास लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र अनेक घरांत आहे, पण या बाबतीत ते फसविते. या वायूने व्यापलेले रक्तही त्यास प्राणवायूयुक्त भासते व आकडा चांगला दिसतो. गुंगी आलेल्या माणसास आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगोलग रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यावयास चार-पाच तास लागतात. प्राणवायू दिला असता सुमारे तासा-सव्वा तासात तेवढे काम होते.

न्हाणीघराविषयी दोन शब्द. तांब्याचा बंब परसात होता तोवर ठीक होते. त्याच्या जागी आता गॅसचा गीझर आला आहे, आणि तो लहानशा बंद न्हाणीत बसविला तर तोही हाच वायू सोडतो, तोही वासावाचून. गीझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत असावा, आत केवळ नळ यावा. उलट गॅसच्या टाकीचा कुजक्या कांद्यासारखा वास आला, तर तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असून गळतीची सूचना देतो. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी विजेचे बटण चालूही करू नये व बंदही करू नये. विस्तव विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, सर्वांस बाहेर काढावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. विजेच्या हीटरचा हिवाळ्यातील पहिल्या दिवशीचा जळकट वास बहुधा तारेवरील धुळीचा असतो व थोड्या वेळात जातो. न गेला, किंवा रबर जळाल्यासारखा वास प्लगापासून येऊ लागला, तर मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे.