दक्षिणा, नादारी, शिष्यवृत्ती : प्रश्न फीचा की पोटाचा?

निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या, की दर वर्षी एक वाक्य हमखास वाचावयास मिळते : ‘आमच्या करांच्या पैशावर हे फुकट शिकतात.’ विद्यार्थ्याला सरकारी खजिन्यातून पैसा देणे ही मतांच्या राजकारणाने अलीकडे लावलेली सवय आहे, अशी हे लिहिणाऱ्यांची समजूत असावी. इतिहास काही निराळेच सांगतो. धागा लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

आरंभ पेशवाईपासून करावा लागतो. श्रावणमासी दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांची. पुढे पेशव्यांनी ती आपल्याकडे घेतली. पुण्यात पर्वतीजवळच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. शास्त्रात परीक्षा देऊन उतरणाऱ्यांस अधिक रक्कम मिळे, इतरांस थोडकी. विद्येच्या नावाने दिलेला हा राज्याचा पैसाच होता. तो कुणाच्या शेतसाऱ्यातून येई आणि कुणाच्या ओंजळीत पडे, हा प्रश्न तेव्हा विचारला जात नसे. (एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे : या दानाचा महिना ठरलेला होता. हे पुढे उपयोगी पडेल.)

पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद न करता तिचा आकार कमी केला आणि तिच्यातील काही पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. खरी चकमक उडाली ती १८४९ मध्ये. लोकहितवादींच्या पुढाकाराने काही सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, हा पैसा जन्म पाहून न वाटता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. पुण्यातील सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपले सहकारी घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. पुढे याच पैशातून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. एकोणिसाव्या शतकातील आपले दोन अग्रगण्य विद्वान सरकारी पैशाच्या आधाराने उभे राहिले, ही गोष्ट ‘फुकटे’ हा शब्द वापरण्यापूर्वी आठवावी.

पण या बदलातही एक गोम होती. पैसा जन्मावरून गुणवत्तेकडे वळला, एवढे खरे. गुणवत्ता दाखवण्यापर्यंत पोहोचतो कोण?

हा प्रश्न फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात नेमका विचारला. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयीही एक मुद्दा आहे, जो फारसा उद्धृत होत नाही. स्पर्धा घेऊन शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य दिसते. पण ज्या वर्गांत विद्या पोहोचलीच नाही त्यांच्यात ती अशाने पसरत नाही. म्हणून निम्म्या शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखाव्यात, असे त्यांनी सुचवले. ‘करांचा पैसा’ या आजच्या युक्तिवादाचे उत्तर येथे तयारच आहे. कर सगळेच भरतात. काडेपेटी विकत घेणाराही भरतो.

आता पोटाचा प्रश्न. त्या काळी पुण्यात शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण मुलगा जेवत असे तो वार लावून : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नाहीतर माधुकरी मागून. या जीवनाचे हाल आत्मचरित्रांतून पुष्कळ आले आहेत आणि ते खरेच आहेत. पण वार लावणे ही एक सामाजिक व्यवस्थाही होती. ज्याच्या जातीची शहरात सात सुखवस्तू घरे नाहीत, त्याने वार लावावा कुठे? कुणब्याच्या, मुसलमानाच्या मुलाला हे जाळे उपलब्ध नव्हते. महाराच्या मुलाला तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याचीच बंदी. शाळेची फी माफ करूनही तो मुलगा शहरात राहू शकत नव्हता.

राजर्षी शाहू महाराजांचे मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. आधी १८९६ मध्ये त्यांनी सर्वांसाठी एक वसतिगृह काढले, पण ब्राह्मणेतर मुलांना त्याचा लाभ फारसा झाला नाही. तेव्हा त्यांनी निराळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशी आणखी कितीतरी. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना हात दिला, उत्पन्नाची सोय लावली. जातवार वसतिगृहांनी जात पक्की झाली, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण एकत्र पंगतीची वाट पाहत बसले असते, तर त्या पिढीतील मुले गावीच राहिली असती. मुलगा उपाशी असताना आदर्शाची चर्चा थोडी पुढे ढकलावी, हा राज्यकर्त्याचा व्यवहार मला बरोबर वाटतो. १९१७ मध्ये त्याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता.

आता बाबासाहेबांची गोष्ट. ती सर्वांना ठाऊक आहे असे आपण मानतो, पण तिच्यातील तारखा नीट पाहत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीराव महाराजांकडून त्यांना महिना २५ रुपये मिळत. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली : महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. त्या बळावर कोलंबिया विद्यापीठ झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, अर्थशास्त्राचे आणि बॅरिस्टरीचे शिक्षण एकदमच सुरू केले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले.

पुढे बडोद्यातील नोकरी, तेथे राहण्यास जागा न मिळणे, मुंबईला परत येणे, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढी जमवाजमव करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. डी.एस्सी. झाली १९२३ मध्ये. मधली तीन वर्षे गेली ती बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. आंबेडकर होते म्हणून ते परत जाऊ शकले. त्यांच्याइतके विलक्षण नसलेले किती विद्यार्थी अशाच एखाद्या खिंडीत कायमचे थांबले असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत.

आपला अनुभव ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तरतूद मागितली. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग या वर्गासाठी का नाही, असा त्यांचा रोख होता. भर होता विज्ञान व तंत्रशिक्षणावर, कारण तेच सर्वांत महाग. आज ‘मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ म्हणून ओळखली जाणारी भारत सरकारची योजना १९४४ पासूनची आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची.

स्वतंत्र महाराष्ट्रातील वाटचाल झरझर सांगतो. जुन्या पिढीला ‘नादारी’ हा शब्द आठवत असेल : गरिबी सिद्ध करून मिळवलेली फीमाफी. शब्दातच अपमान होता. यशवंतराव चव्हाणांच्या काळात शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांनी ई.बी.सी. सवलत आणली आणि कमी उत्पन्नाच्या असंख्य शेतकरी घरांतील मुले कॉलेजची पायरी चढली. १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता मिळू लागला : रोज एक रुपया. १९१७ मध्ये कोल्हापुरात पालकाला महिन्याचा दंड एक रुपया होता आणि पंचाहत्तर वर्षांनी मुलीचा दिवसाचा भत्ता एक रुपया. या दोन रुपयांची किंमत शेजारी मांडून पाहावी.

२०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण येथेच आपण शाहू महाराजांच्या मागे जातो आहोत असे वाटते. फी माफ झालेली मुलगी पुण्यात कॉट बेसिसवर राहते, मेसचे पैसे भरते, त्याचे काय? सरकारलाही हे ठाऊक नाही असे नव्हे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना नेमकी याच जाणिवेतून आली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. भोजनाची रक्कम बारा महिन्यांवर पसरली तर दिवसाला सुमारे ८८ रुपये पडतात. निवासाची तशीच पसरली तर महिन्याला १,६६७ रुपयांच्या आत. या भाड्यात पुण्यात खोली मिळत असल्यास पत्ता अवश्य कळवावा.

आणि विलंब. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार केंद्राने आणि राज्यांनी कसा वाटून घ्यावा, यावर वर्षानुवर्षे घोळ चालला. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६०:४० हे प्रमाण ठरवले आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. तरीही उत्पन्नाचा दाखला, आधार-बँक जोडणी, महाडीबीटीवरील परत आलेला अर्ज, यांच्या फेऱ्यांत वर्ष उलटून जाते आणि पैसा येतो तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. तोवर मुलाने मेसवाल्याची उधारी, मित्राची उसनवारी किंवा गावच्या सावकाराचे कर्ज यांपैकी काहीतरी पत्करलेले असते. काही महाविद्यालये फीची थकबाकी दाखवून गुणपत्रिका नि दाखला अडवून ठेवतात. म्हणजे सरकारच्या उशिराचा दंड भरतो विद्यार्थी. पेशव्यांच्या दक्षिणेत हजार दोष होते. पण घेणाऱ्याला ती श्रावणात मिळणार हे माहीत असे.

तेव्हा वाद घालायचाच असेल तर तो ‘कुणाला द्यावे’ यावर दीडशे वर्षे घातला तेवढा पुरे. आता मागणी हिशेबाची असावी. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता सत्र सुरू होताना, प्रवेशाच्या पावतीवरच मिळावा. कागदपत्रांची छाननी मागाहून करावी. भत्त्याची रक्कम दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढावी. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वाढतो, तर विद्यार्थ्याची भाकरी तेवढी स्वस्त कशी राहते? शासनाकडून येणे असलेल्या रकमेसाठी विद्यार्थ्याचा दाखला रोखण्यास मनाई असावी आणि ती मोडणाऱ्या संस्थेला दंड व्हावा. दंड किती असावा, ते मंत्रालयाने ठरवावे. महिना एक रुपया नसला म्हणजे झाले.