गोलरक्षकाचे मन

फुटबॉलमध्ये पेनल्टीच्या वेळी चेंडू गोलरेषेपासून सुमारे ११ मीटरवर ठेवलेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला उमगून स्नायूंना हुकूम सुटेपर्यंतच ०.२ सेकंद निघून जातात. उरलेल्या वेळात ७.३२ मीटर रुंद गोलाचा कोपरा गाठणे जवळजवळ अशक्यच. म्हणून गोलरक्षक चेंडू सुटण्याआधीच अंदाजाने एक बाजू ठरवितो आणि झेप घेतो. हिशेबाने पाहिले तर अशा गोलाचा दोष त्याच्याकडे फारसा जात नाही. पण प्रेक्षक हिशेब करीत नाहीत, आणि पुष्कळदा गोलरक्षकही करीत नाही.

रॉबर्ट एन्के हा असाच एक जर्मन गोलरक्षक. त्याचा जन्म १९७७ साली येना या शहरी झाला. लिस्बनच्या बेनफिका संघाकडून तीन वर्षे उत्तम खेळून तो २००२ साली बार्सेलोनात गेला. तेथे नोवेल्डा नावाच्या खालच्या श्रेणीतील संघाने बार्सेलोनाला ३-२ असे हरविले आणि एका सहकाऱ्याने वृत्तपत्रांसमोर एन्केला बोल लावला. पुढच्या वर्षी तुर्कस्तानात फेनरबाचे संघाकडून तो पहिलाच सामना ०-३ असा हरला. स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर वस्तू फेकल्या आणि त्या एका सामन्यानंतर तो परतला. त्या काळात त्याला नैराश्याच्या विकाराने ग्रासले होते. त्याने उपचार घेतले आणि तो बरा झाला. हे महत्त्वाचे आहे, कारण त्याची गोष्ट सांगताना नेमके हेच वगळले जाते. २००४ पासून हॅनोव्हर संघात तो नावारूपाला आला, कर्णधार झाला, जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून आठ सामने खेळला. २००९ साली विकार पुन्हा उलटला. त्या वर्षी १० नोव्हेंबरला त्याने आत्महत्या केली. तो ३२ वर्षांचा होता.

अशा वेळी लोक कारण शोधू लागतात. कोणी बार्सेलोनाकडे बोट दाखवितो, कोणी २००६ साली हृदयविकाराने गेलेल्या त्याच्या दोन वर्षांच्या मुलीकडे. पण त्या मुलीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच तो मैदानावर उतरला होता, आणि विकार उलटला तो पुढील विश्वचषकासाठी त्याचे नाव आघाडीवर असताना. एका घटनेला एक कारण चिकटविण्याची घाई येथे चालत नाही. नैराश्य हा आजार आहे. आनुवंशिकता, मेंदूतील घडामोडी, आयुष्यातील आघात, झोप अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. मेंदूतील अमुक एक रसायन कमी पडले की नैराश्य येते, असे पूर्वी सर्रास सांगत. ते चित्र फारच सोपे होते, असे आता दिसून आले आहे. परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर दोन दिवस वाटणारे वाईट म्हणजे हा आजार नव्हे. दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, आवडत्या गोष्टींतील गोडी जाणे, झोप व भूक बिघडणे, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे होत. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून आणि गरजेप्रमाणे औषधांनी त्यावर उपचार होतात. औषधांचा गुण यावयास मात्र काही आठवडे लागतात, आणि धीर सुटतो तो बहुधा तेथेच.

एन्केवर डॉक्टरांचे उपचार चालू होते, पण बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी पत्नी टेरेसा यांनी पत्रकारांसमोर सांगितले, की हे उघड झाले तर खेळही जाईल आणि नुकतीच दत्तक घेतलेली मुलगीही, अशी त्याला भीती वाटत होती. माझ्या मते विचार करावयाची गोष्ट हीच आहे. खेळाडूला आपण दुखणे लपविण्याचेच शिक्षण देतो. 'मन घट्ट कर' असे सांगणाऱ्या शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो. पण मुरगळलेल्या पायाला कोणी 'घट्ट हो' म्हणत नाही. खरे सांगितल्यावर संघातील जागा जाणार असेल, तर लपविणारा मुलगा भित्रा नसतो, तो व्यवहारी असतो. तेव्हा उपदेशाने फारसे साधणार नाही, नियमच बदलला पाहिजे. पायाच्या दुखापतीनंतर जागा राखून ठेवता ना? मनाच्या दुखण्यानंतरही ठेवा.

ते अशक्य नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनाची स्थिती ठीक नाही असे सांगून सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. तिच्यावर टीकाही झाली. २०२४ साली पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके मिळविली. (पदके मिळाली नसती तरी तिचा निर्णय योग्यच ठरला असता.) जर्मनीत २०१० साली एन्केच्या नावे एक प्रतिष्ठान निघाले, नैराश्य आणि मुलांचे हृदयविकार या दोन्हींसाठी ते काम करते.

आपल्याकडे 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत प्रथमोपचाराची पेटी असते. तिच्या झाकणावर हा क्रमांक रंगवून घ्यावयास किती वेळ लागेल?