रुळांच्या पलीकडे नको

गेल्या महिन्यात मावसभावाचा बेळगावहून फोन आला. त्याला इथं विनिपेगमध्ये ॲडमिशन मिळालीय आणि तो खोली शोधतोय. "ताई, नॉर्थ एंडमध्ये भाडं कमी आहे, कॉलेजही जवळ. घेऊ का?" मी विचार न करता बोलून गेले, "रुळांच्या पलीकडे नको रे." मी इथं आले तेव्हा मलाही ऑफिसातल्या कुणीतरी हेच सांगितलं होतं. त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार. फोन ठेवल्यावर मात्र मनाला लागलं. त्या भागात मी स्वतः किती वेळा गेलेय? दोनदा. तेही गाडीतून.

टिळकवाडीची रेल्वे गेटं आपल्याला माहीत आहेत. गेट पडलं की चडफडायचं, उघडलं की पलीकडे जायचं. इथल्या रुळांचं तसं नाही. प्रेअरीवरचं हे शहर इतकं सपाट आहे की टेकडी औषधालाही सापडत नाही. नद्या सोडल्या तर वस्त्यांना अडवणारं निसर्गानं काही ठेवलेलं नाही. जी मोठी रेघ आहे ती माणसांनीच ओढली, आणि पदरचे पैसे देऊन ओढली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे मुळात उत्तरेकडच्या सेल्कर्कजवळ रेड नदी ओलांडणार होती. १८८१ मध्ये विनिपेगनं २ लाख डॉलर, स्टेशनसाठी फुकट जमीन आणि कायमची करमाफी देऊ करून ती आपल्याकडे वळवली. शहराची भरभराट झाली खरी, पण त्याच्या मधोमध भलंमोठं यार्ड येऊन बसलं आणि उत्तरेचा भाग तुटला.

तिकडे जमीनवाल्यांनी २५-३३ फुटी प्लॉट पाडून विकले. युक्रेनियन, पोलिश, ज्यू, जर्मन कुटुंबं बोटीतून उतरून, आगगाडीत बसून थेट तिथं आली. घरं दाटीवाटीची, कित्येकांना नळ नाही. १९०४ च्या सुमारास टायफॉइडची साथ आली तेव्हा सगळ्यात जास्त माणसं याच भागात आजारी पडली. त्याच काळात असिनिबॉइन नदीच्या दक्षिणेला क्रेसेंटवुड वसत होतं. तिथल्या विक्रीच्या करारातच अट होती की घर अमुक किमतीपेक्षा स्वस्त बांधायचं नाही. भिंत नको, पाटी नको. नको असलेला माणूस आपोआप बाहेर. (आपल्याकडच्या काही सोसायट्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.)

तेव्हा दक्षिणेतले लोक उत्तरेला 'परक्यांची वस्ती' म्हणायचे. घाण, दारू, मारामाऱ्या, त्यांची भाषा कळत नाही, जपून राहा. पुढं त्या परक्यांची मुलं शिकली आणि बरीचशी दुसरीकडे राहायला गेली. रिकाम्या झालेल्या स्वस्त घरांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत आदिवासी कुटुंबं आली. ज्यांची ही जमीन मुळात होती, ती माणसं. 'जपून राहा' हे वाक्य तेच राहिलं, फक्त ते आता त्यांच्याबद्दल बोललं जातं. गंमत म्हणजे ते आता आम्ही, कालपरवा आलेले, बोलतो.

तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. गरिबी आहे, व्यसनं आहेत, गुन्हेही होतात. पण आदिवासींनीच उभं केलेलं 'बेअर क्लॅन पेट्रोल'ही तिथंच आहे. त्याचे स्वयंसेवक गस्त घालतात, गरजूंना खायला देतात, रस्त्यावर पडलेल्या सुया उचलतात. आमच्या दक्षिणेकडच्या नव्या वसाहतीत दोन वर्षं झाली तरी शेजाऱ्याचं नाव मला माहीत नाही. तिथं घराचं तोंड म्हणजे दोन गाड्यांचं गॅरेज, आणि दुधाची पिशवी आणायची तरी गाडी काढा.

रेघ अजून पुसलेली नाही. यार्डावरून जाणारा १९१२ चा आर्लिंग्टन पूल गंजला म्हणून २०२३ मध्ये बंद केला. तेव्हापासून पलीकडे जायचं तर वळसा घालावा लागतो.

मागच्या शनिवारी वळसा घालून गेले. कांद्यासारखे घुमट असलेली युक्रेनियन चर्चं, पुढच्या ओसरीवर बसलेली माणसं, एका कुंपणावर वाळत घातलेली गोधडी. बेळगावातलीच वाटली. खोलीची मालकीण सत्तरीची, युक्रेनियन आजोबांची नात. जिन्यात तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू पलीकडून आलीस का?" मी हो म्हटलं. "तिकडची माणसं इकडे येत नाहीत फारशी," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

हीटर चांगला आहे. खिडकीतून गार वारा येतो, पट्टी लावून घ्यावी लागेल. बसस्टॉप चार मिनिटांवर. रात्री उशिरा एकट्यानं कुठल्या रस्त्यानं यायचं नाही, तेही तिनंच सांगितलं. भावाला फोटो पाठवलेत. मावशीला अजून काही बोललेले नाही.