गिटारचे ट्यूनर पेडल : गरज की हौस?



एका ताईंनी विचारले आहे. त्यांची मुलगी विहाराच्या गायन पार्टीत गिटार वाजवते. जयंतीच्या कार्यक्रमांआधी तिला ‘ट्यूनर पेडल’ हवे आहे आणि चांगल्या कंपनीच्या पेडलला काही हजार रुपये पडतात. ‘भाऊ, मोबाईलवर फुकटात सूर लावता येतो म्हणतात. मग ही गरज आहे की नुसती हौस?’ पगाराचा एकेक रुपया मोजून घर चालवणाऱ्या आईचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या जलशांचे काम ढोलकी, पेटी, टाळ, तुणतुणे यांवर भागत असे. पेटीचे सूर कारखान्यातच लागलेले, तुणतुण्याला तार एकच. गिटारला मात्र सहा तारा. एप्रिलच्या उन्हात टेम्पोतून मैदानावर आणलेली गिटार संध्याकाळी मंचावर चढते तेव्हा दुपारी लावलेला सूर हललेला असतो. दोन जोरकस गाणी झाली की आणखी हलतो. वीणेची तार फार ताणलेली नको आणि सैलही नको, हे तथागतांनी सोण भिक्खूला सांगितलेले आपण विहारात ऐकतो. सोण स्वतः वीणावादक होता, त्याला चटकन पटले. आपल्या पोरांना ते भर मंचावर, हजार माणसांसमोर, अर्ध्या मिनिटात साधायचे असते.

मोबाईलवरचे ॲप घरी उत्तम चालते. मंचावर त्याचा माईक ढोलकीही ऐकतो, भोंगाही ऐकतो आणि निवेदकालाही ऐकतो. त्याचा काटा नाचतच राहतो. दुसरा प्रकार चिमट्याचा. तो गिटारच्या खुंट्यांजवळ लावायचा. हवेतला आवाज न घेता तो लाकडाची थरथर मोजतो, म्हणून गोंगाटातही बऱ्यापैकी चालतो आणि काही शे रुपयांत मिळतो. ताई, पहिला प्रश्न हाच विचारा : मुलीच्या गिटारला पिकअप आहे का? म्हणजे केबल लावून तिचा आवाज थेट मिक्सरला जातो का? जात नसेल, गिटारसमोर नुसता माईक ठेवत असतील, तर पेडलचा काही उपयोग नाही. चिमटाच घ्या.

पिकअप असेल तर पेडलचा खरा फायदा कळतो. गिटारची केबल पेडलमधून पुढे जाते. पायाने कळ दाबली की पुढचा आवाज बंद होतो आणि दिव्यांवर सूर दिसू लागतो. पाहुणे बाबासाहेबांवर बोलत असताना मागून टुंग-टुंग ऐकू आले, तर लोक गायन पार्टीलाच नावे ठेवतात. पेडल असले की मुलगी शांतपणे तारा लावून मोकळी होते. केबल काढताना भोंग्यातून ‘धाड्’ असा जो आवाज येतो, तोही कळ दाबून ठेवली की टळतो.

घेताना दिवे बघा. अंधाऱ्या दुकानात सगळेच चमकतात, म्हणून पेडल दारात उन्हात आणून बघावे, कारण सकाळच्या मिरवणुकीतही ते वापरायचे असते. बॉस कंपनीचे टीयू-२ हे पेडल १९९८ साली आले आणि जगभर मंचावर रुळले. त्याच्यानंतर २०१० मध्ये आलेल्या टीयू-३ मध्ये दिवे जास्त प्रखर करण्याची सोय आहे. टीसी कंपनीचे पॉलीट्यून सहाही तारा एकदम छेडल्या तरी कोणती हलली आहे ते दाखवते. अचूकता सेंटमध्ये सांगतात. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात. एक सेंटपर्यंत अचूक असले की कार्यक्रमाला पुरे. ‘ट्रू बायपास’ आणि ‘बफर’ यांवर पोरे तासन्‌तास वाद घालतात. एक पेडल आणि एक केबल असलेल्या पार्टीने त्यात पडू नये.

आपल्याकडचा खरा मुद्दा पेटीचा. १९३९ साली लंडनच्या परिषदेत पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ असे ठरले, पण विहारातली जुनी पेटी ते मानेलच असे नाही. ती थोडी चढी किंवा उतरती असते आणि मंचावर तिचा सूर बदलता येत नाही. घरी शांततेत पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून मोबाईलवर आकडा पाहावा. ४४२ दिसला तर पेडलही ४४२ वर लावावे. ही सोय नसलेले पेडल घेऊ नये. टीयू-३ मध्ये ४३६ ते ४४५ पर्यंत जाता येते. शिवाय पेडल बाराही स्वर दाखवणारे, म्हणजे क्रोमॅटिक हवे. गायक काळी एक किंवा काळी दोन मागतो, मग गिटारला कॅपो लागतो. कॅपोने तारा किंचित चढतात, म्हणून तो लावल्यावर पुन्हा तपासावे.

अ‍ॅडॉप्टरबाबत मात्र जपा. अशा बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधली बाजू ऋण आणि बाहेरची धन असा लागतो. बाजारातला साधा अ‍ॅडॉप्टर बहुधा उलटा असतो. पिन बसते म्हणून तो लावू नये. पेडलवरची खूण पाहूनच घ्यावा.

आता पैशाचे. महिन्या-दोन महिन्यांत एखादाच कार्यक्रम असेल, तर चिमटा आणि गिटारचा आवाज बंद करण्याची सवय एवढ्यावर भागेल. पण पार्टी जयंतीच्या दिवसांत रोज मंचावर असेल, तर पेडल घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र ते ताईंनी का घ्यावे? ढोलकी, पेटी, माईक वर्गणीतून येतात. गिटार मुलगी वाजवते म्हणून तिचे सामान घरच्या खर्चाने, हा कुठला न्याय? एक गिटार बेसूर झाली तर सगळी पार्टी बेसूर होते. ताई, हा विषय पार्टीच्या बैठकीत मांडा. बिल पार्टीच्या नावे घ्या, गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या आणि सामानाच्या वहीत नोंद करा. ताबा मुलीकडे असावा आणि तसे वहीत तिच्या सहीने लिहावे.