मोजणारे हातही आपलेच हवेत

औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणाच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा साचलेला वायू हवेतून काढून दीर्घकाळ बंदिस्त करण्याच्या कामात आज जगभरचे तरुण संशोधक गुंतले आहेत. त्यांचे कौतुक व्हावेच. परंतु या नव्या विज्ञानात अल्पभूधारक आणि भूमिहीन घरांतील मुलांचे स्थान कोणते, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस मांडावासा वाटतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २३ विद्यार्थी-संघांना मिळून ५० लाख डॉलर देण्यात आले. धुरातील कार्बन डायऑक्साइडचे क्षारांत रूपांतर करू पाहणारा पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा संघ त्यांत होता. एप्रिल २०२५ मध्ये याच स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे सर्वोच्च पारितोषिक ‘माटी कार्बन’ या उपक्रमास मिळाले. भारतातील लहान शेतकऱ्यांच्या भातशेतीत बेसाल्ट खडकाची भुकटी पसरणे, हे त्याचे काम.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते. त्याची खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी अभिक्रिया होऊन बायकार्बोनेट तयार होते. ते नद्यांवाटे समुद्रास मिळते आणि हजारो वर्षे तेथेच राहते. निसर्गात ही क्रिया अतिशय संथ चालते; दगडाची भुकटी केली की तिला वेग येतो.

बेसाल्ट म्हणजे आपल्या दख्खनचा काळा पाषाण. जाते, पाटा-वरवंटा, घराचे जोते त्याचेच. तो फोडण्याचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्याच नातवंडांनी आता त्याचे रसायन जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

कारण या व्यवहाराचे मर्म मोजणीत आहे. किती टन वायू बांधला गेला, यावर पैसा ठरतो. तो आकडा पावसावर, मातीच्या पोतावर आणि सामूवर अवलंबून असतो. वरील २३ संघांपैकी पाच संघांचा गौरव मोजमापाच्या तंत्रासाठीच झाला होता. शेत आपले, श्रम आपले आणि मोजणी मात्र परक्याची, अशी विभागणी झाली तर नव्या विज्ञानातही जुनीच उतरंड उभी राहील.

दुसरी सावधगिरीही हवी. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ‘ओर्का’ प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४,००० टन इतकीच होती. जग मात्र दरवर्षी ३,५०० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. म्हणून निष्कासन हा उत्सर्जनाचा परवाना ठरू नये.

निवासी शाळांना या कामी एक सोय लाभली आहे. मुले वर्षाचा बहुतेक काळ आवारातच असतात, त्यामुळे नोंदी खंडित होत नाहीत. शेजारी-शेजारी दोन वाफे करावेत. एकात दगडाची भुकटी मिसळावी, दुसरा तसाच ठेवावा. दर आठवड्याला सामू, पाऊस आणि पिकाची उंची वहीत लिहावी. एवढ्याने हवेतील वायू मोजला जाणार नाही. परंतु तुलना कशी करावी, आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा शंका घ्यावी, हे मुले शिकतील. या स्मरणिकेच्या वाचकांनी, विशेषतः माजी विद्यार्थ्यांनी, अशा एका प्रयोगशाळेचा भार उचलावा, ही आमची विनंती आहे.